ट्राउट समुद्रात जातो कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा राजापूरकडचा. गेली काही वर्षं पश्चिम वेल्समध्ये टायवी नदीच्या काठी राहतो. घरी पाहुणे आले की त्यांना नदीवर नेतो, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. कोकणातल्या माणसाला मासा कळतो, पण नदीचा मासा समुद्रात जाऊन परत येतो हे ऐकलं की तोही दोन मिनिटं थांबतो. एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

ब्राउन ट्राउट आणि सी-ट्राउट हे दोन वेगळे मासे आहेत ना?

नाहीत. जात एकच, शास्त्रीय नाव साल्मो ट्रुटा. एकाच मादीच्या गाभोळीतून निघालेल्या भावंडांपैकी एक जन्मभर ओढ्यात राहतं, तपकिरी अंगावर लाल-काळे ठिपके घेऊन. दुसरं समुद्रात जातं आणि चांदीचा मुलामा दिल्यासारखं होऊन परततं. शेजारी शेजारी ठेवले तर कुणीही दोन जाती म्हणेल. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्यांना वेगवेगळी नावं दिलीच होती, तेव्हा तुमचं चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका.

नावांचा घोळ वेगळाच. वेल्समध्ये याला सेविन म्हणतात, आयर्लंडमध्ये व्हाइट ट्राउट, डेव्हन-कॉर्नवॉलकडे पील. स्कॉटलंडमध्ये पहिल्यांदाच समुद्रावरून आलेल्या लहान माशाला फिनॉक म्हणतात. प्रत्येक खाडीचं नाव वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

पण जातो कशाला? नदीत काय कमी आहे?

खायला कमी आहे. सगळी गोष्ट पोटाची आहे.

वेल्स, स्कॉटलंड, नॉर्वे इथले डोंगरातले ओढे दिसायला सुंदर, पाणी आरशासारखं. पण पाणी आरशासारखं दिसतं याचा अर्थच असा की त्यात फारसं काही वाढत नाही. थंड, कमी क्षारांचं पाणी, खाली कठीण खडक. अशा ओढ्यात चार वर्षांचा ट्राउट हातभरही होत नाही, वजन दीड-दोनशे ग्रॅम. तोच समुद्रात गेला तर त्याच वयात किलो-दोन किलोचा होऊ शकतो.

वजन मादीला फार महत्त्वाचं. ट्राउटची मादी साधारण दर किलो वजनामागे दीड ते दोन हजार अंडी देते. म्हणजे ओढ्यातली दीडशे ग्रॅमची मादी दोन-तीनशे अंडी घालणार आणि समुद्रावरून आलेली दोन किलोची तीन-चार हजार. शिवाय मोठी मादी शेपटीने जास्त खोल खड्डा करते, मोठे गोटे हलवते, त्यामुळे हिवाळ्याच्या पुरात तिची अंडी वाहून जायची शक्यता कमी.

अर्थात फुकट काहीच नाही. समुद्रात सील आहेत, पाणकावळे आहेत, मोठे मासे आहेत, जाळी आहेत. गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नाहीत.

मग सगळेच का जात नाहीत?

हा माझा आवडता प्रश्न. कोकणातल्या माणसाला उत्तर पटकन कळतं, कारण आपल्या गावांची हीच कथा आहे. भात पिकून पोट भरेना म्हणून घरातला एकजण मुंबईला गेला, एकजण घर धरून राहिला. गेलेला गणपतीला नवे कपडे घालून येतो. ट्राउटमध्येही चाकरमानी आहेत आणि गावकरी आहेत.

फरक एवढाच की इथे चाकरमानी बहुतांशी बायका असतात. समुद्रावर जाणाऱ्यांत माद्या जास्त, ओढ्यात राहणाऱ्यांत नर जास्त. कारण वर आलंच: मादीला मोठं व्हायला हवं. नराचं तसं नाही. मोठे नर एकमेकांशी भांडत असतात तेवढ्यात वीतभर नर दगडाआडून सुळकन येतो, अंड्यांवर आपलं काम उरकतो आणि पळतो. त्यासाठी समुद्रावर जायची काय गरज?

कोण जाणार हे ठरतं कसं? थोडं रक्तातून, थोडं परिस्थितीतून. ओढ्यात गर्दी झाली, खाणं कमी पडलं की जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. भरपूर खाणं मिळालं तर बरेचजण घरीच थांबतात. गंमत म्हणजे भराभर वाढणाऱ्या पिल्लालाही ओढा लवकर अपुरा पडतो आणि ते लहान वयात निघतं. त्यामुळे "उपाशी तो जातो" हे सूत्र बरोबर असलं तरी अर्धंच आहे.

क्षमता मात्र पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहते. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर गेल्या शतकाच्या मध्याला ब्राउन ट्राउट नेऊन सोडले. तिथल्या नद्या तुटपुंज्या, समुद्र मात्र समृद्ध. थोड्याच वर्षांत हे मासे समुद्रात उतरू लागले आणि समुद्रामार्गे न सोडलेल्या नद्यांमध्येही जाऊन बसले. आज तिथला सी-ट्राउट गळवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. सोडणाऱ्यांनी हे योजलं नव्हतं.

गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यात मरत नाही का?

तयारी न करता गेला तर मरेल. माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतं. नदीत असताना बाहेरचं पाणी अंगात घुसू पाहतं, म्हणून मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांतून मीठ आत ओढून घेतो. समुद्रात सगळं उलटं होतं. अंगातलं पाणी बाहेर जाऊ लागतं. मग मासा समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो. तेच कल्ले, पंपाची दिशा बदललेली.

हा बदल एका दिवसात होत नाही. वसंतात दिवस मोठे होऊ लागले की पिल्लाच्या अंगात संप्रेरकं वाढतात आणि आठवडेच्या आठवडे तयारी चालते. तोवर अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे गडद पट्टे असतात, ते पुसले जातात. त्वचेत ग्वानिन नावाचं द्रव्य साठून चांदीसारखा रंग येतो. अंग सडपातळ होतं. या अवस्थेतल्या माशाला स्मोल्ट म्हणतात. आपल्याकडे तलावात सोडतात त्या बोटुकलीपेक्षा थोडा मोठा, साधारण १५ ते २० सेंटिमीटर.

एप्रिलमध्ये एकदा मोजणीच्या पिंजऱ्यापाशी मला एक हातात घ्यायला दिला होता. तळहात ओला करून घ्या, म्हणाले. तरी सोडल्यावर बोटांवर खवल्यांचा चुरा राहिला, नवरात्रात मुलींच्या गालांवर टिकली लावतात तसा चमकणारा. या दिवसांत खवले इतके सैल असतात. म्हणूनच त्यांना हात लावू नये, हे मला हात लावून झाल्यावर सांगितलं.

जायचं वय ठरलेलं नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये एक-दोन वर्षांचे, उत्तर नॉर्वेत चार-पाच वर्षांचेसुद्धा. रात्री निघतात, त्यातही पावसाने पाणी चढलं की थव्याने. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचे काही ओढे उन्हाळ्यात आटतात. तिथली पिल्लं पहिल्याच वर्षी समुद्रात जातात, आणि ते जमतं कारण बाल्टिकचं पाणी तिथे समुद्राच्या मानाने अगदीच अळणी आहे.

नदीत असताना खातो काय?

वाहून येईल ते. एका दगडामागे जागा धरून बसतो, तोंड प्रवाहाकडे. दगडाखालच्या किड्यांच्या अळ्या, झाडावरून पडलेल्या मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी, गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे बारीक जीव. मोठा झाला की लहान मासे, स्वतःची पिल्लंसुद्धा. चांगल्या जागेसाठी भांडणं होतात, आणि हरणारा पुढेमागे खाली सरकत समुद्राकडे जातो.

आणि समुद्रात?

इथे चंगळ सुरू होते. नदीतून उतरल्यावर पहिले काही आठवडे खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत बारीक कवचवाले जीव, आपल्या जवळ्यासारखे दिसणारे, आणि वाऱ्याने पाण्यावर पडलेले जमिनीवरचे किडे. चिखलातले समुद्री किडेही, विशेषतः फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांमध्ये. मग वीतभराहून थोडा मोठा झाला की माशांवर येतो.

त्यात पहिला मान सँड ईलचा. हा ईल नव्हे. पेन्सिलीएवढा, चंदेरी, भीती वाटली की वाळूत डोकं खुपसून आख्खाच्या आख्खा गायब होणारा मासा. त्याच्या अंगात तेल भरपूर. उत्तर समुद्राच्या कडेचे पक्षी, सील, मोठे मासे असे निम्मे लोक याच्यावर जगतात. त्याखालोखाल स्प्रॅट आणि हेरिंगची पिल्लं, म्हणजे आपल्या पेडव्या-तारलीच्या कुळातली. बाल्टिकमध्ये तर हेरिंग आणि स्प्रॅट हेच जेवण.

मे महिन्यात पन्नास-साठ ग्रॅमचा गेलेला स्मोल्ट ऑगस्टमध्ये परत आला तर पाव किलोच्या पुढे असतो. तीन महिन्यांत चार-पाच पट. पहिल्याच उन्हाळ्यात परत येणारे हे छोटे मासे सगळेच अंडी घालायला येत नाहीत. काही नुसते हिवाळा काढायला येतात आणि वसंतात पुन्हा जातात.

मांस गुलाबी होतं ते या कवचवाल्या जिवांमुळेच. त्यांच्यातल्या अस्टाझँथिन या रंगद्रव्याचा तो रंग. पाळलेल्या माशाला तोच रंग खाद्यातून देतात.

किती लांब जातो? सॅल्मनसारखा ग्रीनलंडपर्यंत?

नाही, आणि हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अटलांटिक सॅल्मन किनारा सोडून खुल्या समुद्रात हजारो किलोमीटर जातो. सी-ट्राउट किनाऱ्याला धरून राहतो. बरेचसे आपल्या नदीच्या मुखापासून शंभरेक किलोमीटरच्या आत, आणि बहुतेक वेळ पाण्याच्या वरच्या काही मीटरांत. अपवाद आहेत: स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ट्वीड नदीचे मासे दक्षिणेला नॉरफोकच्या किनाऱ्यापर्यंत चरायला जातात, काही उत्तर समुद्र ओलांडून पलीकडेही.

आयर्लंडमध्ये काही जण त्याहून आळशी. समुद्रातही जात नाहीत, नदीतही राहत नाहीत, खाडीच्या चिखलातच आयुष्य काढतात. त्यांना स्लॉब ट्राउट म्हणतात. नाव अन्यायाचं आहे. खाडीत दोन वेळा भरती जेवण आणून देत असताना बाहेर कशाला जायचं?

परत आल्यावर नदीत काही खातो का?

यावर इथल्या पबमध्ये रात्र निघते.

सॅल्मन नदीत शिरला की खाणं बंद करतो, यावर एकमत आहे. सी-ट्राउटचं पोट चिरलं तर बहुतेक वेळा तेही रिकामंच निघतं. समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो महिनोन्‌महिने काढतो. पण अधूनमधून कुणाच्या पोटात किडे निघतात, एखादा छोटा मासा निघतो, विशेषतः लहान माशांच्या. माझं मत: भूक नसते, पण सवय सुटत नाही. समोरून काही गेलं की तोंड उघडतं. श्रावणी सोमवार धरलेल्या माणसाचा हात शेंगदाण्याच्या डब्याकडे जातो, तसं.

त्या सवयीवरच इथली गळाची मासेमारी उभी आहे. सेविन दिवसा भित्रा. काठावर सावली हलली तरी डोहाच्या तळाशी जातो. म्हणून वेल्समध्ये जून ते सप्टेंबर काळोखात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पिसांचे खोटे किडे फेकतात. टायवीवर आणि शेजारच्या टवी नदीवर अजून एक जुनी पद्धत मोजक्या परवान्यांवर टिकून आहे: दोन कोरॅकल, म्हणजे हंपीला तुंगभद्रेत फिरते तसल्या टोपलीसारख्या होड्या, मधे जाळं धरून रात्री प्रवाहाबरोबर खाली येतात. एका हाताने वल्हं, दुसऱ्या हातात जाळ्याची दोरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हे आत्ता बुडणार.

अंडी घातल्यावर मरतो का?

पॅसिफिक सॅल्मन मरतात, हा सहसा मरत नाही. ऑक्टोबर ते जानेवारीत मादी रेताड गोट्यांत शेपटीने खड्डे करून अंडी घालते, वर गोटे लोटते आणि निघते. तोवर दोघं हाडांचा सापळा झालेले असतात. नर जास्त मरतात. ज्या माद्या वाचतात त्या वसंतात समुद्रात जाऊन पुन्हा भरतात आणि पुन्हा येतात. काही तर आयुष्यात दहाएक वेळा.

हे सगळं कळतं कसं? माशाच्या मागे कोण जातं?

खवल्यावरून. माशाचा एक खवला काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. मध्यभागी एकमेकांना चिकटलेली बारीक वलयं: ही नदीतली वर्षं, अर्धपोटी. मग अचानक वलयं फाकतात, पुस्तकाची पानं वाऱ्याने उघडावीत तशी. तिथे मासा समुद्रात उतरला. पुन्हा दाट होतात, तो हिवाळा. आणि कडेला एखादी वलयं तोडणारी झिजलेली रेघ असेल तर त्या वर्षी त्याने अंडी घातली. उपासाच्या दिवसांत मासा आपल्या खवल्यातलाच चुना काढून वापरतो, त्याची ती खूण.

मी पाहिलेल्या एका खवल्यावर नदीची दोन वर्षं होती आणि अशा तीन रेघा. नखाएवढ्या तुकड्यावर सगळी कुंडली.

आता कानातल्या हाडात स्ट्रॉन्शियमचं प्रमाण मोजतात, ते समुद्रात वाढतं. पोटात ध्वनीसंदेश देणारी छोटी नळीही बसवतात. पण खवला खरवडायला खर्च काहीच येत नाही.

रेनबो ट्राउटही समुद्रात जातो का?

जातो. मूळचा उत्तर पॅसिफिकचा. समुद्रात गेलेल्या रेनबोला स्टीलहेड म्हणतात आणि तो ब्राउनसारखा किनारा धरून बसत नाही, थेट महासागराच्या मध्यापर्यंत जातो, तिथे माकूळ आणि मासे खातो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नदीवर दोन धरणं होती, २०११ ते २०१४ मध्ये ती पाडली. जवळजवळ शतकभर धरणांच्या वर अडकून नुसते नदीचे झालेले रेनबो होते, त्यांचे वंशज पुन्हा समुद्राकडे जाऊ लागले.

मनालीला किंवा पहलगामला खाल्लेला ट्राउट अरबी समुद्रावरून आलेला असतो का?

नाही हो. हॉटेलात ताटात येतो तो बहुतेक वेळा पाळलेला रेनबो.

तिथल्या नद्यांमधला ब्राउन ट्राउट मात्र खरोखर इथल्या नातलगांपैकी. काश्मीरसाठी १८९९ साली ब्रिटनहून पाठवलेली अंडी वाटेतच गेली. पुढच्या वर्षाअखेरीस स्कॉटलंडहून आलेला साठा तगला आणि काश्मीरमध्ये वाढला. तिथून तो पुढे हिमाचलात नेला गेला. आज तीर्थन खोऱ्यात गळ टाकून बसलेली पुण्या-मुंबईची मंडळी भेटतात.

तिथल्या ट्राउटने समुद्रावर जायचं मनात आणलंच तर त्याला तीर्थनमधून बियास, मग लारजी, पंडोह आणि पौंग ही धरणं, हरिकेचा बांध, सतलज, मग सिंधू असं करत कराचीजवळ समुद्राला पोचावं लागेल. धरणं नसती तरी तो पंजाबातच संपला असता. पाण्याचं तापमान वीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ब्राउन ट्राउटची भूक मरते आणि पंचविशीच्या आसपास तोच मरतो. मैदानातलं उन्हाळी पाणी त्याच्या कितीतरी वर. महाराष्ट्रात ट्राउट का नाही, याचंही उत्तर तेच.

आपल्याकडचे कोणते मासे असं करतात?

बंगालचा इलिश समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो, म्हणजे ट्राउटच्याच दिशेने. पण आपला जिताडा बरोबर उलटा. तो खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्लं वर गोड्या पाण्याकडे येऊन वाढतात. म्हणून तर रायगडकडे तो शेताच्या तळ्यात पोसता येतो.

याचं एक छान स्पष्टीकरण १९८८ मध्ये मार्ट ग्रॉस या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी मांडलं. थंड प्रदेशात समुद्र नदीपेक्षा समृद्ध, म्हणून तिथले मासे जन्मतात नदीत आणि चरायला समुद्रात जातात. उष्ण प्रदेशात पुष्कळदा नद्या-खाड्या जास्त समृद्ध, म्हणून तिथे जन्म समुद्रात आणि चरणं गोड्या पाण्यात. इलिश या नियमात बसत नाही, पण जिताडा अगदी फिट्ट बसतो.

सी-ट्राउट कमी झाले म्हणतात, ते का?

जागोजागी कारणं वेगळी: बंधारे, शेतातला गाळ, तापलेलं पाणी. पण एका कारणावर सगळ्यात जास्त भांडण होतं, ते म्हणजे समुद्री ऊ. सॅल्मन आणि ट्राउटच्या अंगावर राहून त्यांची त्वचा खाणारा हा जीव निसर्गातलाच. पण समुद्रातल्या पिंजऱ्यांत लाखो सॅल्मन पाळले की उवांनाही लाखो यजमान मिळतात. मघाशी म्हटलं ना, ट्राउट किनारा सोडत नाही? सॅल्मनची पिल्लं पिंजऱ्यांजवळून एकदा जातात आणि निघून जातात. ट्राउट आख्खा उन्हाळा तिथेच चरतो.

त्वचेला भोकं पडली की मीठ-पाण्याचा सगळा हिशोब बिघडतो. मग मासा उपाशीच नदीकडे पळतो, कारण गोड्या पाण्यात उवा काही दिवसांत गळतात. जीव वाचतो पण चरायचा हंगाम बुडतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर १९८९ च्या सुमारास सी-ट्राउट एकाएकी कोसळले, तेव्हा असेच वाळलेले, उवांनी भरलेले मासे मे महिन्यातच नदीत परतलेले दिसले. पाळणारे म्हणतात कारणं अनेक आहेत, आणि तेही खोटं नाही. तरी नॉर्वेने २०१७ पासून उवांच्या परिणामावरून किनाऱ्याच्या भागांना लाल-पिवळा-हिरवा दिवा देऊन पिंजऱ्यांची वाढ ठरवायला सुरुवात केली, ती उगीच नव्हे.

प्रत्यक्ष बघायचे असतील तर कधी यावं?

टायवीवर केनार्थच्या धबधब्याशी उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस पडून पाणी उतरत असताना. नुसतं बघायला काही लागत नाही. गळ टाकायचा तर तेरा वर्षांपुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो आणि त्या काठाच्या मालकाची परवानगी वेगळी. नोव्हेंबरमध्ये आलात तर मी वरच्या ओढ्यावर नेईन. तिथे पाणी घोट्याएवढं असतं आणि त्यात हातभर मासे पाठ बाहेर काढून गोटे उडवत असतात. बूट काढू नका, पाण्यात उतरायचं नाही. धुतल्यासारखे स्वच्छ, फिकट गोटे जिथे दिसतील, त्यांच्याखाली अंडी आहेत.